नांदेरीचा एक दिवस

नवी नांदेरी, राजापूर
१२ जानेवारी २०२६

चि. शमिका,

काकाचे आशीर्वाद. परवा तुझा फोन आला, पण खरं सांगतो, मला निम्मं ऐकूच आलं नाही. तू नाक्यापर्यंत चालत येऊन, रेंज शोधून तिकडून ओरडतेस आणि मी इकडून नुसता हो हो करतो. म्हणून पत्र लिहितो. तुमच्या वनखात्याच्या रेंज ऑफिसच्या पत्त्यावर टाकलं की शिधा नेणाऱ्या जीपबरोबर तुला वर मिळतं, हे बरं आहे.

माघी पौर्णिमा जवळ आली. आपल्या जाखादेवीचा दिवस. जंगल राष्ट्रीय उद्यान झालं, गाव उठून इथं राजापूरच्या कातळावर आलं, तिथली घरं पडली, तरी वर्षातला तो एक दिवस सरकारनं आपल्याला ठेवला होता. सकाळी आत जायचं, देवीला नारळ ठेवायचा, दिवस कलायच्या आत बाहेर. यंदा लोक म्हणतात की वरती वाघीण आणून सोडली आहे, आता माणसाला आत पाय टाकू देणार नाहीत. शेजारची मथुरा रोज दारात उभी राहते. "काशी, तुझी पुतणी फारेष्टात हाय ना? मग इचार की रे तिला."

तुला त्रास द्यायला नको वाटतं. ज्या जंगलातून आपल्याला उठवलं त्याचीच तू राखण करतेस, यावरून इथं काय बोलणं होतं ते तुला ठाऊक आहे. मलाही बोलतात. गाव सोडायच्या संमतीवर पहिली सही माझी, हे अजून कुणी विसरलेलं नाही. मला आता त्याचं काही वाटत नाही. वय झालं की वाईट वाटून घ्यायचाही कंटाळा येतो.

विचारतो ते तुझ्या काकीसाठी. गेल्या वर्षी गुडघे सुजले म्हणून तिला नेलं नाही, तर होळीपर्यंत ती माझ्याशी धड बोलली नाही. यंदा म्हणते, रांगत जाईन पण जाईन. देवीवर हिची एवढी भक्ती कधी बसली मला कळत नाही. घरातल्या देवांकडे तर ढुंकून बघत नाही. जमलं तर बघ. नाही जमलं तर नाही म्हणून कळव, म्हणजे मथुराला एकदाच काय ते सांगून टाकतो.

तुझा,
काशीराम काका


संरक्षण कुटी, नांदेरी
१९ जानेवारी

तीर्थरूप काका,

नमस्कार. परवानगी मिळाली. यंदाचा दिवस रद्द करायचा असंच वरून आलं होतं. मी रेंजर साहेबांच्या टेबलासमोर जाऊन बसले, पुन्हा गेले, पुन्हा बसले. शेवटी ते म्हणाले, "तुमच्या जबाबदारीवर देतो. काही झालं तर मला विचारू नका, मीच तुम्हाला विचारीन."

अटी आहेत. माणसं मोजकीच, नावं आधी द्यायची. गाड्या नाक्यावर. चूल नाही, उदबत्ती नाही, दिवा नाही, विडी तर नाहीच. नारळ ठेवा, फुलं वाहा. चारच्या ठोक्याला मी सगळ्यांना बाहेर काढणार, तेव्हा कुणी माझ्याशी वाद घालू नये. काकीला चालायला लागणार नाही. आमची जीप झऱ्यापर्यंत येते, तिला पुढे बसवीन. हे गावात आधीच सांगू नका, नाहीतर सगळ्यांचेच गुडघे दुखायला लागतील.

गाव तुम्हाला दरवर्षी जास्त अनोळखी दिसणार. शेतांत गवत आलं, गवतात कारवी, कारवीत आता अंजनी आणि जांभळी वर निघाल्यात. आपल्या खळ्यात गवे येऊन बसतात. तुम्ही ज्यांना गरुड म्हणता ते मोठ्या चोचीचे धनेश पक्षी सकाळी पंखांचा सूं सूं आवाज करत घाटाखाली उतरतात. वाघीण मी पाहिलेली नाही, पावलं पाहिली, झऱ्याच्या चिखलात. इतकी स्वच्छ उमटली होती की मी खाली बसून बघतच राहिले. कधी वाटतं, झालं ते बरं झालं. आणि कधी आपल्याच जोत्यावर बसून डबा उघडते आणि तसाच बंद करते. मला तर इथलं काही आठवतही नाही, उठलो तेव्हा मी लहान होते. तरीही.

इथं चौघांचं काम आम्ही दोघं करतो, मी आणि वनमजूर सदूभाऊ. वणवा अडवायला गवत जाळून जाळरेषा काढायच्या आहेत, पाणवठे भरायचे, कॅमेरे बघायचे. मार्चमधे बदलीचा अर्ज निघेल अशी आशा आहे. रत्नागिरीत ओमकार एकटा घर आणि पोर सांभाळून कंटाळलाय. सानिका फोनवर मला "शमिका" म्हणते. तो घरात तेच नाव घेतो ना, म्हणून.

पौर्णिमेला या. टोप्या आणा, सावली कमी आहे.

तुमची,
शमिका


नवी नांदेरी
८ फेब्रुवारी

चि. शमिका,

तुझे उपकार मानायला पत्र लिहायचं असं परतताना गाडीत ठरवलं होतं. ते आता बाजूला राहिलं.

पौर्णिमेच्या संध्याकाळी वर वणवा लागला हे आम्हाला दुसऱ्या दिवशी कळलं. आणि पेपरात काय छापून आलं ते तू वाचलंस का? "भाविकांच्या निष्काळजीपणामुळे राष्ट्रीय उद्यानात वणवा." म्हणजे आम्ही. देवळापाशी तू स्वतः उभी होतीस. कुणी काडी ओढली का, सांग. परशुराम गुरवानं देवीला गाऱ्हाणं घातलान, तेसुद्धा हळू आवाजात, जनावरं बिथरतील म्हणून. मथुरानं आपली तपकीरसुद्धा नाक्यावर ठेवलान. चार वाजता तू हाक मारलीस, आम्ही मेंढरांसारखे निघालो. बाहेर पडताना तू डोकी मोजलीस.

पिढ्यान् पिढ्या आम्ही त्या रानात राहिलो, चुली पेटवल्या, भाजावळ केली. रान जळालं नाही. तुम्ही लोक जाळरेषेचं गवत पेटवता, वारा सुटतो, आग हाताबाहेर जाते, आणि नाव गावाचं. हे पहिल्यांदा नाही. आधी म्हणालात, तुमच्यामुळे जनावरं राहत नाहीत. उठलो. आता वर्षातून एक दिवस येतो तर म्हणता, जंगल जाळलंत.

मला एवढंच पाहिजे की तू ऑफिसात खरं काय ते लिही. तू आपली आहेस.

काकी आल्यापासून झोपून आहे. अंगात कणकण आहे, जेवत नाही. प्रवास झेपला नाही तिला. मी म्हणालो होतो.

काका


संरक्षण कुटी
१६ फेब्रुवारी

तीर्थरूप काका,

तुमचं पत्र मिळालं. मी दमले आहे, म्हणून थोडक्यात लिहिते.

वणवा तीन दिवस चालला. हिरव्या डहाळ्या मोडून झोडपत होतो. आगीपुढचा पाचोळा उडवायचे ब्लोअर दोन होते, त्यातला एक बंद. पहिल्या दिवशी वारा घाटाकडून होता, दुसऱ्या दिवशी फिरला आणि आमच्या मागून आला. सदूभाऊंचे दोन्ही हात आणि डावा पाय भाजलाय. रत्नागिरीला सिव्हिलमधे आहेत. त्यांनी मला ढकललं म्हणून मी बाहेर आले. ते मागे राहिले.

वरच्या मोकळ्या सड्यावरचं गवत सगळं गेलं. त्याचं एवढं नाही, ते येईल. पण आग ओढ्याच्या अंगाने राईत शिरली. जुनी झाडं बुंध्यातून धुमसत होती, आज पेटतील की उद्या ते कळत नव्हतं. भेकराचं एक पाडस सापडलं. अंड्यांवर बसलेली एक टिटवी उठलीच नव्हती. वाघीण खाली दरीत उतरली असं कॅमेऱ्यात दिसलं, ती ठीक आहे.

आग कशी लागली याची चौकशी चालू आहे. जाळरेषेचं काम त्या दिवशी बंद होतं, एवढं मी तुम्हाला सांगू शकते.

काकीला डॉक्टरकडे न्या. तिला त्या दिवसाबद्दल काही विचारत बसू नका. आराम करू द्या.

शमिका


नवी नांदेरी
२५ फेब्रुवारी

चि. शमिका,

सोमवारी पहिल्या एसटीने रत्नागिरीला गेलो. सिव्हिलमधे सदूला भेटलो. दोन्ही हात पट्ट्यांत, बायको चमच्याने पेज भरवत होती. मला बघून उठायला लागला. म्हणालो, नीज बाबा. त्याच्यापुढं मला आपल्या पत्राची लाज वाटली. नेलेले आंबोशीचे तुकडे पिशवीतच राहिले, द्यायचे कसे?

जे तू लिहिलं नाहीस ते त्यानं सांगितलान. तुला कारणे दाखवा नोटीस आली आहे. बदलीचा कागद थांबवला आहे. आणि आग देवळापाशी लागलीच नाही. "तुमच्या जुन्या घराच्या मागं वरची जी शेताची चौकटी हाय ना, फणसाखालची, तिथनं लागली," म्हणाला. "पंचनाम्यात मातीची पणती मिळाली, फुटलेली."

फणसाखालच्या शेतात काय आहे ते सदूला माहीत नाही. तुला माहीत आहे का, कोण जाणे. तुझ्या आईनं सांगितलं असेल. तिथं आमची शेवंती आहे.

तू जन्मायच्या आधीची गोष्ट. आमचा संदेशही तेव्हा झाला नव्हता. श्रावणात तिला ताप भरला. डोली करून आम्ही निघालो, पण ओढा दोन्ही काठ सोडून वाहत होता. पलीकडे जायची वाट नव्हती. अलीकडेच एका झाडाखाली पाणी उतरायची वाट बघत बसलो. पाणी उतरलं तेव्हा डोलीची गरज राहिली नव्हती. लहान पोर, म्हणून पुरली. पुढं काही वर्षांनी सरकारची माणसं कागद घेऊन आली, म्हणाली, तुम्हाला रस्त्याकाठी गाव देतो, जवळ दवाखाना आहे. मी पहिली सही केली ती त्यासाठी. मला त्या सहीचं वाईट वाटत नाही, आजही नाही. पण तुझी काकी त्यानंतर गप्प झाली ती झालीच. मला वाटायचं, हिला गाव सोडल्याचं दुःख आहे.

घरी आलो. ती पडवीत पाय पसरून कुळीथ निवडत होती. समोर बसलो.

"पणती कुणी लावलान?" मी विचारलं.

तिनं हात थांबवला नाही. म्हणाली, "मी."

"दिवा नको म्हणून सांगितलं होतं ना?"

"देवीला नको म्हणून सांगितलानी."

"विझवली का नाहीस?"

"विझवणार होते. शमिकानं हाक मारलान, चला म्हणून. फुंकर मारायला गेले, मग वाटलां, जरा जळू दे. एवढ्यात काय होतां." मग सूप खाली ठेवून म्हणाली, "सदूचे हात बरे होतील ना?"

दर पौर्णिमेला देवळामागून ती नाहीशी व्हायची. मला वाटायचं, पाणी प्यायला झऱ्यावर जाते. मीही कधी विचारलं नाही.

उद्या मी रेंज ऑफिसला जाणार आहे. काय ते तुला कळेलच. तू आता कुणाला काही लिहू नकोस.

काका


संरक्षण कुटी
६ मार्च

काका,

हे तुम्ही काय करून बसलात?

"पणती मीच लावली, पुतणीचा काही संबंध नाही, तिला माहीतही नव्हतं." साहेबांनी तुमचा जबाब मला वाचून दाखवला. खाली तुमची सही, तुमच्या ठळक अक्षरात. तुम्हाला वाटलं असेल, म्हातारा माणूस आहे, आपल्याला काय करतील, पोरगी तर सुटेल. मी सुटले नाही. उलट अडकले.

नोटिशीचं उत्तर मी आधीच दिलं होतं. त्यात लिहिलं होतं की माझ्या परवानगीने एक वयस्कर बाई गटातून बाजूला गेली, मी तिच्यासोबत गेले नाही, ही चूक माझी. नाव लिहिलं नव्हतं. आता तुमचा जबाब आणि माझं उत्तर जुळत नाही. साहेब म्हणाले, "मॅडम, घरचे सगळे मिळून मला गोष्टी सांगताय का?" त्या माणसाने माझ्यावर विश्वास ठेवून परवानगी दिली होती.

मला माहीत होतं, काका. शेवंतीचं आईने मला नोकरी लागली तेव्हाच सांगितलं होतं. त्या दिवशी देवळात सगळे गाऱ्हाण्यात गुंतले होते, तेव्हा काकीने माझा हात धरला आणि म्हणाली, "पोरीला बघून येते गो." पदराखाली काहीतरी होतं. मी विचारायला हवं होतं. माझं कामच ते आहे. मी पाठ फिरवली आणि घड्याळ बघत उभी राहिले. आग लागल्याचं दिसलं तेव्हा धूर कुठून येतोय ते पाहिल्याबरोबर मला कळलं. तुम्ही लिहिलंत की तू आपली आहेस, खरं काय ते लिही. त्यावर मी दमले आहे म्हणून तुम्हाला थोडक्यात लिहिलं.

आणखी एक, कारण तुम्ही लिहिलं होतं की तुमच्या काळी रान जळालं नाही. तेव्हा त्या शेतात तुमची गुरं चरायची. जमीन टिचभर गवताची असायची. तिथं दिवा ठेवला तर तो दिवाच राहायचा. आता गवत माझ्या छातीपर्यंत येतं आणि माघात ते कागदासारखं वाळतं. काकीच्या डोक्यात ते शेत अजून पूर्वीचंच असणार. तिने मुद्दाम काही केलं नाही, हे मला साहेबांना सांगता येईना. कारण मग तिचं नाव घ्यावं लागलं असतं.

आता मी काय करू ते तुम्हीच सांगा. खोटं सांगायची ताकद माझ्यात उरली नाही आणि खरं सांगायचा धीर होत नाही.

शमिका


नवी नांदेरी
२९ मार्च

चि. शमिका,

तुझं पत्र मी काकीला वाचून दाखवलं. पूर्ण. वाचताना मधेमधे गाळायचा विचार आला, पण तिला कळलं असतं. ऐकून ती उठली, नवं लुगडं नेसली आणि म्हणाली, "चल. कुठल्या गाडीत बसायचां?"

त्या दिवशी ऑफिसात तू नव्हतीस, म्हणून सगळं लिहितो. साहेब तरुण आहेत, तुझ्यापेक्षा फार मोठे नसतील. त्यांनी खुर्ची दिली. ती बसली नाही.

"साहेब, पणती मी लावलंय. हा खोटा बोलतो," माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली.

"आजी, तुम्ही काय सांगताय ते तुम्हाला कळतंय ना? हा गुन्हा आहे."

"मला लिहिता येत नाय, पण कळतां."

"मग यांनी स्वतःवर का घेतलं?"

"त्याला सवय हाय. गावाची सही पण एकट्यानं अंगावर घेतलान."

साहेब जरा हसले. मग कागद पुढं ओढून म्हणाले, "पण कशावरून? कदाचित यांनीच लावली असेल आणि तुम्ही आता यांना वाचवत असाल."

तेव्हा ती म्हणाली, "हा कसा लावील? हा तिथं कधी गेलाच नाय. पोर पुरली त्या दिवसापासून आजपावेतो, एकदासुद्धा नाय."

शमिका, मला अलीकडे कुणाचं बोलणं धड ऐकू येत नाही. हे स्पष्ट ऐकू आलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. बाहेर जाऊन आले, चहा मागवला. मग सगळा जबाब नव्याने लिहिला, वाचून दाखवला, तिचा अंगठा घेतला. म्हणाले, वय आणि हेतू बघता दंडावर मिटेल असं वर लिहीन, पण वार्षिक भेट मला थांबवावी लागेल, पुढचा आदेश येईपर्यंत. कधी येईल विचारू नका. काकी म्हणाली, "बरां." आणि निघताना दारातून वळून, "पोरीला बदली द्या हो. तिचां मूल लहान हाय."

गावाला कळायचं ते कळलं. इथल्या नव्या देवळासमोर बैठक झाली. परशुराम गुरव काही वाईट बोलला नाही, नुसता म्हणाला, "देवी आता वर एकटी." पण बाकीचे बोलले. वर्षातून एक दिवस होता, तोही तुमच्या घरानं घालवला. पहिली सही तुमची, शेवटचा दिवाही तुमचा. मी ऐकून घेतलं. मथुरा आता दारात येत नाही. समोरून गेली तर पदर पुढे घेते. तिचा नवराही तिकडेच ओढ्याकाठी जाळला होता, तिलाही तिथं जायचं असायचं, हे माझ्या आता ध्यानात आलं.

तुझ्याबद्दल काही कळलं का?

काका


संरक्षण कुटी
१४ जून

तीर्थरूप काका,

उत्तराला उशीर झाला. एप्रिल-मे पाणवठे भरण्यात गेले. जळालेल्या भागात सावली नव्हती, त्यामुळे सगळी जनावरं उरलेल्या दोन झऱ्यांवर यायची.

माझा निकाल लागला. एक वेतनवाढ रोखली आणि बदली नामंजूर. निदान दोन वर्षं इथंच. साहेबांनी सौम्य लिहिलं होतं, वरच्यांनी इतकं तरी हवंच म्हणून केलं. मला राग आला नाही. बातमी ओमकारला सांगितली तेव्हा तो म्हणाला, "मी सानिकाला घेऊन देवरुखला खोली बघतो, निदान सुटीत भेटशील." त्याच्यावरही किती टाकायचं, कळत नाही. सानिका अजून मला शमिकाच म्हणते.

सदूभाऊ परत आले. उजव्या हाताची दोन बोटं वळत नाहीत, कोयता डाव्या हाताने धरायला शिकतायत. मी त्यांना सगळं सांगितलं, शेवंतीचंसुद्धा. ते म्हणाले, "म्हातारीला सांगा, हात बरे झालेत." बरे झालेले नाहीत, पण तसंच कळवा असं म्हणाले.

आणि काका, तुम्हाला सांगायचं राहिलं ते हे. गवत जळाल्यावर पहिल्यांदाच सगळी नांदेरी उघडी पडली. जोती, पाणंद, खळी, गुरवाच्या घराच्या तीन पायऱ्या, सगळं काळं आणि स्पष्ट. कारवीखाली गाव इतकं पूर्ण शाबूत होतं हे मला माहीत नव्हतं. मी एका दुपारी एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालले. आता पाऊस लागलाय, वीतभर हिरवं आलं आहे, दिवाळीपर्यंत सगळं परत झाकलं जाईल. फणस वाचलाय. एका बाजूने करपला, पण नवी पानं आहेत. त्याखाली दगडांची लहानशी रास आहे, पुरुषभर लांबही नाही. मी हात लावला नाही. तिथून गस्तीला रोज जाते, माझ्या वाटेवरच आहे.

तिथं उभी राहते तेव्हा एक गोष्ट खटकते. मी रोज जिच्याजवळून जाते ती कशी होती हे मला माहीतच नाही. आईने नुसतं नाव सांगितलं होतं. काकीला विचाराल का? तिला नको असेल तर राहू दे.

तुमची,
शमिका


नवी नांदेरी
२ जुलै

चि. शमिका,

तुझं पत्र आलं त्या दिवशी भात लावणीला बायका आल्या होत्या, म्हणून लगेच वाचलं नाही. दुसऱ्या दिवशी पाऊस कोसळत होता, कुठं जाता येईना, तेव्हा पडवीत बसून वाचलं. सदूचा निरोप सांगितला. ती म्हणाली, "खोटा बोलतो तो पण." पण तिला बरं वाटलं, मला कळलं.

मग तुझा प्रश्न वाचला. मला वाटलं, उठून आत जाईल. घरात ते नाव आम्ही कधी घेत नव्हतो. संदेशलासुद्धा एवढंच माहीत की आधी एक बहीण होती. मी मनात म्हणायचो, हिला त्रास नको. ती मनात म्हणायची, हा विसरला.

ती माझ्या बाजूला सरकून बसली. मग म्हणाली, "लिही. काळी होती. माझ्यापेक्षा काळी." मी म्हणालो, काळी नव्हती, सावळी. ती म्हणाली, तुला काय ठाऊक, तू सगळा दिवस शेतात. मी म्हणालो, माझ्या खांद्यावर बसूनच यायची ना शेतात. खेकडे धरायची, घाबरायची नाही, हे दोघांनाही पटलं. नाचणीची भाकरी आवडायची नाही, हेही. पण कानात डूल होते की नव्हते यावर आमचं चांगलंच जुंपलं. मी म्हणतो, होते, देवरुखच्या बाजारातून मीच आणले होते. ती म्हणते, ते आणलेस तिच्यानंतर, संदेशच्या बारशाला, कुणाच्या पोरीला द्यायला. मी म्हणालो, तुझं डोकं फिरलंय. तिनं सूप आपटलान आणि आत गेली. शेजारच्या मथुरानं खिडकीतून डोकावून बघितलं, आमच्या घरात इतका आवाज कधी ऐकला नव्हता तिनं.

अर्ध्या तासानं ती बाहेर आली. म्हणाली, "डूल होते. डाव्या कानातलं हरवलेलां. तू तिला मारलंस त्याच्यासाठी."

मारलं होतं, हे मी विसरलो होतो. तिला आठवत होतं. दोघांनाही रडू आलं, पण भांडण काही मिटलं नाही, कारण आता ती म्हणते डावा कान आणि माझ्या डोळ्यांसमोर उजवा येतो.

पुढल्या माघात आम्हाला येता येणार नाही. त्याबद्दल ती एका शब्दानं बोलत नाही. मीच एकदा विषय काढला, तर म्हणाली, शमिका रोज जाते ना. झालां.

तिच्याबद्दल रोज जे आठवतं ते लिहून ठेवतो आहे. तुझ्यासाठी म्हणून सुरू केलं, पण आता ते दोन-तीन पानांत मावेल असं वाटत नाही. आज एवढंच पाठवतो. ती आतून हाक मारते आहे, दुसरं काहीतरी आठवलेलं दिसतंय.

तुझा,
काका